अण्णांची एमजी, अक्कांची अल्फा

डॉक्टरीणबाईंनी गोधडीची गाठ सोडून आतली वस्तू आमच्या टेबलावर ठेवली. आबांनी तिच्याकडे पाहायच्या आधी हात पुढे केला. हातभर लांबीचा, पांढुरक्या धातूचा ठोकळा होता तो, अंगभर भोकं आणि खळगे असलेला. आबांनी दोन्ही अंगठे त्याच्या पोटावरून हळूहळू फिरवत नेले आणि एका जागी थांबवले.

"हितं चिरलंय."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "दोन व्हॉल्व्हच्या मधून चीर गेलीय, थेट आतल्या पाण्याच्या पोकळीपर्यंत. एकदा वेल्डिंग करून आणलं. शेजारून पुन्हा फुटलं."

१९८३ सालची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं पॅटर्नचं दुकान होतं. लोखंडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचं लाकडी रूप करावं लागतं. ते वाळूत दाबून साचा पाडतात आणि साच्यात वितळलेल्या धातूचा रस ओततात. ते लाकडी रूप म्हणजे पॅटर्न. ज्ञानदेव सुतारांचा पॅटर्न म्हटला की ओतारी डोळे झाकून साचा भरत, असं माझ्या वडिलांचं, आबांचं, नाव होतं.

बाईंचं नाव डॉ. अनंतमती उपाध्ये. सांगलीत त्यांचा डोळ्यांचा दवाखाना होता. पन्नाशी ओलांडलेली, सडसडीत, बोलणं नेमकं. त्यांच्यासोबत त्यांचे मामेभाऊ आले होते, भूपाल चौगुले. शेतीच्या पंपांचे मोठे व्यापारी आणि आमच्याकडच्या मोटार क्लबचे अध्यक्ष. ते बाईंना अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्का म्हणू लागलो. आणि चौगुल्यांना सगळं गाव अण्णा म्हणे.

ठोकळा होता अक्कांच्या गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण. गाडी अल्फा रोमिओ, जुलिएटा स्पायडर, १९५९ची, लाल रंगाची, दोन माणसांची, टप उघडणारी. मुंबईत नोकरीला असलेला एक इटालियन इंजिनिअर मायदेशी परतताना अक्कांनी ती त्याच्याकडून घेतली होती. वीस-बावीस वर्षं स्वतः चालवली. मग त्या वर्षीच्या मे महिन्यात कागलच्या अलीकडे पाण्याचा जुना पाइप फुटला. शेजारच्या सीटवर, उसाचं पान डोळ्यात घुसलेली एक बाई कण्हत होती. पाणी किती तापलंय ते दाखवणारा काटा लाल रेघेपलीकडे गेलेला अक्कांना दिसत होता.

"थांबले असते तर गाडी वाचली असती," त्या म्हणाल्या. "मी डोळा वाचवला."

नवीन हेड मिळावं म्हणून त्यांनी परदेशात पत्रं लिहिली, आयातीच्या परवान्यासाठी दोनदा दिल्लीला माणूस पाठवला. काही हाती लागलं नाही. अण्णांचं म्हणणं असं, की आता तिचा नाद सोडावा, त्यांच्या शोरूमच्या दारात काचेच्या पेटीत ठेवावी, लोक बघतील तरी.

अण्णांची स्वतःची गाडी दारात उभी होती. इंग्लंडची एमजी, मॉडेल एमजीए, अल्फाच्याच काळातली, साल-दोन सालांचा फरक. गर्द हिरवी. कुठल्या गाडीला गाडी म्हणावं यावरून बहीण-भावांचा वाद वीस वर्षं चालला होता आणि तो आमच्या दुकानातही चालूच राहिला. अण्णांचं सांगणं सरळ होतं: एमजीचं इंजिन बिडाचं, हेड बिडाचं, खाली ट्रकसारखी चौकट, ती बिघडली तर झाडाखाली बसून पाना-हातोड्यानं दुरुस्त होते. इंग्रजानं गाडी केली ती शेतकऱ्यालाही कळेल अशी. अल्फा म्हणजे घड्याळ. डोक्यावर व्हॉल्व्ह हलवणारे एक सोडून दोन कॅम, सगळं अ‍ॅल्युमिनियमचं, तोळ्यामाशाचा हिशेब. फुटलं की फुटलं.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि आबांना विचारलं, की असं दुसरं हेड इथे होईल का.

हे विचारताना त्या माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही. मी कोपऱ्यात भुसा झाडत होते. वाटलं, अंगावर उडेल म्हणून बघतायत.

आबा म्हणाले, "ठेवून जावा. बघून सांगतो."

आता खरी गोष्ट सांगते. आबा ते काम करू शकणार नव्हते, आणि हे गावात आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी झालं. चालता-फिरता यायचं, माणूस आला-गेला कळायचं, पण ज्याच्याकडे बघायचं नेमकी तीच जागा पुसल्यासारखी व्हायची. पट्टीवरचा आकडा दिसेना, ड्रॉइंगवरची रेघ दिसेना. गावात बोभाटा नको म्हणून ते एकटेच परगावी कुठेतरी दाखवून आले आणि मला एवढंच बोलले, "विजयमाला, ह्याला औषध न्हाई म्हणं."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आई आधीच गेलेली. शाळेपासून दुकानात बसून मी रंधा, पटाशी, कानस सगळं धरायला शिकले होते, आणि आयटीआयमधून ड्रॉइंगचा कोर्स केला होता. आबा डोळ्यांनी अधू झाले तसं काम आपोआप माझ्याकडे सरकलं. गिऱ्हाईक आलं की आबा पुढे बसून बोलणार, ड्रॉइंग ठेवून घेणार. ते गेलं की मी दार लोटून मोजणार, आखणार, कापणार. लोकांसमोर मी झाडू धरायची. आबा म्हणायचे, बायमाणसाच्या हातचा पॅटर्न आहे कळलं तर दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागेल. मला ते पटत नव्हतं, पण ते खोटं आहे असंही म्हणता येत नव्हतं. चार वर्षांत माझ्या हातचे दोनशेवर पॅटर्न भट्टीला गेले आणि त्या सगळ्यांवर ज्ञानदेव सुतारांचं नाव होतं.

अक्का गेल्यावर मी ते हेड आठ दिवस उलटंपालटं करून पाहिलं. बाहेरचं सगळं मोजता येत होतं. अडचण आतली होती. हेडच्या पोटात पाणी खेळायला वाटा असतात, वेड्यावाकड्या, एकमेकींत शिरलेल्या. ओतताना तिथे वाळूचा गाभा ठेवावा लागतो, त्याला कोअर म्हणतात. पोकळी कशी आहे ते कळल्याशिवाय कोअर कसा करणार? मी तार घालून पाहिली, मेण ओतून पाहिलं. शेवटी आबांना सांगितलं, "कापायला लागेल. मधोमध."

आबांनी ठोकळ्यावरून पुन्हा अंगठा फिरवला. मग म्हणाले, की कापलं तर ते हेड कायमचं गेलं. उद्या कुठला चांगला वेल्डर भेटला तरी उपयोग नाही. आपलं जमलं नाही तर बाईंची गाडी आपण मारली असं होईल.

मी म्हटलं, "कापलं नाही तर जमणारच नाही."

अक्कांना निरोप धाडला. त्या पुढच्या रविवारी एसटीनं आल्या. आबांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, एकदा कापलं की परत जोडता येणार नाही, हे दोनदा सांगितलं.

अक्का म्हणाल्या, "मिस्त्री, मी रोज कापते. आत काय आहे ते बघायला दुसरी वाट नसेल तर भीत बसून काय करायचं? कापा."

मग हॅक्सॉ उचलून त्यांनी तो आबांच्या हातात न देता टेबलावर, माझ्या बाजूला ठेवला आणि बाहेर चहा घ्यायला गेल्या. आबांनी दार लोटलं. मी कापायला घेतलं. अर्धा तास लागला. दोन अर्धुकं बाजूला झाली आणि आतल्या वाटा उघड्या पडल्या तेव्हा मी हातातला हॅक्सॉ खाली ठेवायचं विसरले. इतकं देखणं काम मी पाहिलं नव्हतं. धातू जिथे हवा तिथेच होता, एक गुंजही फुकट नाही. ज्या कुणी पंचवीस वर्षांपूर्वी त्याचा पॅटर्न केला असेल त्याला मी मनात हात जोडले.

दीड महिना गेला. सागवानाचा पॅटर्न, आठ कोअरबॉक्स, म्हणजे कोअर पाडायचे साचे. अ‍ॅल्युमिनियम थंड होताना मीटरमागे तेरा मिलिमीटर आकसतं, तेवढं प्रत्येक माप वाढवून घ्यायचं. मी आखायची, कापायची, आणि रोज संध्याकाळी आबा बसून अंगठ्यानं तपासायचे. डोळ्यांना दिसत नव्हतं ते त्यांच्या अंगठ्याला दिसायचं. "हितं केसभर वर हाय," म्हणायचे, आणि मी गेज लावलं की खरंच केसभर वर असायचं. कुणी म्हणेल काम माझं एकटीचं होतं, तर तेही खरं नव्हे.

ओतायला दस्तगीर मुजावर. उद्यमनगरात अ‍ॅल्युमिनियमची भट्टी त्यांच्याइतकी कुणाला साधली नव्हती. पहिलं हेड निघालं ते जाळीसारखं, भोकाभोकांचं. दुसऱ्या वेळी एक कोअर सरकला आणि एका बाजूची भिंत कागदासारखी झाली. तिसरं दिसायला सुरेख होतं. आम्ही सगळे खूश. दाबानं हवा भरून पाण्यात बुडवलं तर दोन व्हॉल्व्हच्या मधून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. नेमकी तिथूनच, जिथून जुनं फुटलं होतं. दस्तगीरचाचा म्हणाले, ज्ञानबा, हे आपल्याच्यानं होणारं नव्हे, बाईंना जाऊन सांगू. आबा तसे खचणारे नव्हते, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

मी तिसरं हेडही कापलं. आत पाहिल्यावर लक्षात आलं, की त्या जागी धातू सगळ्यात शेवटी थंड होत होता आणि आकसताना त्याला वरून प्यायला रस उरत नव्हता. साच्यात रस कुठून घालायचा आणि जास्तीचा रस कुठे साठवायचा, याची जागा बदलायला हवी होती. मी पॅटर्नवर दोन नवे ठोकळे चिकटवले आणि चाचांना सांगायला आबांना घेऊन गेले. आबा सांगू लागले आणि मध्येच अडखळले. मी पुढचं बोलून गेले. चाचांनी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग एवढंच म्हणाले, "बरं. तसं भरतो."

चौथं हेड रात्रभर दाबाखाली पाण्यात राहिलं. एक बुडबुडा नाही.

शेजारच्या मशीनशॉपात त्याची भोकं बोअर झाली, जुन्या हेडमधून काढून ठेवलेले कॅम आणि व्हॉल्व्ह त्यात बसले, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सांगलीला अल्फा सुरू झाली. मी तेव्हा तिथे नव्हते. अक्कांनी पोस्टकार्ड पाठवलं: "गाडी बोलू लागली. पंचवीस तारखेला भूपालच्या क्लबची पन्हाळ्याची शर्यत आहे. दोघांनी यायचं."

शर्यत म्हणजे वाघबिळापासून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंतचा चढ. पोलिसांची परवानगी काढून तासभर रस्ता बंद ठेवायचे आणि एकेक गाडी घड्याळ लावून सोडायचे. बहुतेक सगळ्या साध्याच गाड्या होत्या, पण त्या वर्षी लोक आले होते ते एमजी आणि अल्फा बघायला. वाद सगळ्या जिल्ह्याला माहीत होता. त्यात, उद्यमनगरात ओतलेल्या हेडवर परदेशी गाडी चढणार हीही बातमी फुटली होती. अर्धं उद्यमनगर पन्हाळ्यावर जमलं होतं. निम्मे आबांना शाबासकी द्यायला आले होते आणि निम्मे, हेड पुन्हा फुटताना पाहायला.

दोन्ही गाड्या मी पहिल्यांदाच शेजारी शेजारी उभ्या पाहिल्या. एमजी लांबोडकी, रुंद खांद्यांची, दारांना बाहेरून मूठ नाही. आत हात घालून दोरी ओढायची. अल्फा बुटकी, गोलसर, नीटस, दारांना वरखाली होणाऱ्या काचा, जणू घरातली लाडकी लेक. अण्णांनी मला हाक मारली आणि म्हणाले, ये, एक फेरी मार माझ्या गाडीतून, मग तू सांग. पन्हाळ्याच्या अलीकडच्या सपाट रस्त्यावर त्यांनी मला फिरवून आणलं, मग अक्कांनी. माणूस म्हणून अण्णा दिलदार होते. जिंकायचं त्यांना होतंच, पण अल्फा काचेत न जाता रस्त्यावर आली याचा आनंदही त्यांच्या तोंडावर दिसत होता.

"आता खरं सांग," ते म्हणाले. "भिडस्तपणा नको."

मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या गाडीचं स्टिअरिंग सरस आहे. मनात आलं की वळते. आणि खालूनच ओढते, गिअर चुकला तरी चढ सोडत नाही. अक्कांची गाडी मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या खाली झोपलेलीच असते. पण त्याच्यावर गेली की थांबत नाही."

"म्हणजे कुठली बरी?"

"तुमची गाडी चालवणाऱ्याची चूक पोटात घालते. त्यांची घालत नाही."

अण्णा हसले आणि अक्कांना म्हणाले, की ही पोरगी झाडू मारायला कशाला ठेवलीय मिस्त्रींनी.

नियमाप्रमाणे प्रत्येक गाडीत चालकाशेजारी एक जण हवा होता. अक्कांनी माझं नाव दिलं. आबा वर नाक्यापाशी जाऊन बसले. अण्णांची एमजी आमच्या आधी सुटली. खालून आम्ही तिचा आवाज ऐकत होतो, घोगरा, एकसारखा, कुठेही न दमणारा. घड्याळवाल्यानं वरून फोनवर वेळ घेतली: पाच मिनिटं एकतीस सेकंद. त्या चढावर तोवर कुणी पावणेसहाच्या आत आलं नव्हतं.

अक्कांनी पदर कमरेला खोचला, केसांना रुमाल बांधला. पायात कॅनव्हासचे बूट होते. मला म्हणाल्या, "रस्ता मी बघते. तू फक्त पाण्याचा काटा बघायचा आणि विचारलं की सांगायचं."

झेंडा पडला.

पहिल्या वळणापर्यंत मला वाटलं आपण हरलो. गाडी नुसती गुरगुरत होती. मग अक्कांनी दुसरा गिअर तसाच धरून ठेवला आणि इंजिनाचा आवाज बदलला. घसा साफ करून एखाद्यानं वरचा सूर लावावा तसा. पाठ सीटला चिकटली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि तिच्या कडेचे पांढरे दगड सटासट मागे जात होते. मी काट्यावरून नजर हलवली नाही.

"किती?"

"ऐंशी."

तिसरं वळण, चौथं वळण. उन्हाची तिरीप काचेवर आली, गेली.

"किती?"

"नव्वद."

पाचव्या वळणानंतर चढ एकदम उभा होतो. काटा पंच्याण्णववर आला आणि तिथून हळूहळू पुढे सरकू लागला. अठ्ठ्याण्णव. पुढे लाल रेघ. कागलला हाच काटा त्या रेघेपलीकडे गेला होता. डोळ्यांसमोर ती बुडबुड्यांची माळ आली. त्या दोन व्हॉल्व्हच्या मधली बोटभर जागा मला आरपार दिसत होती. तिथला धातू किती जाड आहे, कुठून भरला गेला, कुठे आधी गोठला, सगळं.

"विजयमाला, किती?"

"शंभरला टेकतोय."

"सोडू का पाय? तुझं हेड आहे. तू सांग."

त्या 'तुझं' म्हणाल्या, हे मला तेव्हा ऐकू आलं, पण कळलं नाही. कळायला वेळ नव्हता. मी म्हणाले, "सोडू नका. धरेल."

त्यांनी पाय सोडला नाही. इंजिन सहा हजारांवर ओरडत होतं. काटा शंभरावर गेला, तिथे थरथरला आणि थांबला. पुढे सरकला नाही. शेवटचं वळण आम्ही जवळजवळ आडवे होऊन घेतलं आणि नाक्याच्या चुन्याच्या रेघेवरून पलीकडे गेलो. लोक बाजूला पळाले. अक्कांनी गाडी थांबवली, इंजिन बंद न करता तसंच फिरत ठेवलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या.

पाच मिनिटं बावीस सेकंद.

घड्याळवाल्यानं आकडा ओरडून सांगितला तेव्हा उद्यमनगरवाल्यांनी जो गलका केला तो खाली वाघबिळापर्यंत गेला असेल. अण्णा सगळ्यांत आधी आले. बहिणीच्या पाया पडले, मग बॉनेट उघडायला लावलं. हेड वरून खालून निरखलं, खाली वाकून सांध्यावर बोट फिरवलं. कुठे ओल नाही, थेंब नाही. अर्धा डझन कारखानदार त्यांच्या खांद्यावरून डोकावत होते.

क्लबचा रिवाज असा, की विजेत्याला अध्यक्षांनी कोल्हापुरी फेटा बांधायचा. अण्णा नाक्यावरच्या मांडवात उभे राहिले आणि म्हणाले, की माझी बहीण फेटा बांधून घ्यायला तयार नाही. तिचं म्हणणं, चढली ती गाडी, आणि गाडी चढली ती ज्यांनी हेड केलं त्यांच्यामुळे. तेव्हा ज्ञानदेव मिस्त्रींनी पुढे यावं.

टाळ्या पडल्या. आबा उठले, चार पावलं पुढे गेले आणि थांबले.

"हा फेटा माझा न्हवं," ते म्हणाले.

लोकांना वाटलं, संकोच करतायत. कुणीतरी घ्या हो मिस्त्री, घ्या, म्हणालं. आबांनी हात वर केला.

"माझ्या डोळ्याला चार वर्षं झाली, पट्टीवरचा आकडा दिसत न्हाई. तुमच्यासमोर दिसल्यागत वागतो, एवढंच. चार वर्षांत माझ्या दुकानातनं जे काय भाइर पडलं, ते समदं माझ्या पोरीनं केलंय. ह्ये हेडबी तिचंच. मी नाव लपवलं. लोक काय म्हणतील म्हणून लपवलं. ती माझी चूक."

एवढ्या माणसांत फक्त अल्फाचं इंजिन फिरत होतं. मी गाडीपाशी उभी होते आणि मला कुठे बघावं कळत नव्हतं. एक कारखानदार, चार वर्षं आमच्याकडून पॅटर्न नेणारे, संशयानं म्हणाले, की दोन व्हॉल्व्हच्या मधल्या जागेला रस कुठून पाजला ते हिला विचारा बरं. मी उत्तर द्यायच्या आत मागून दस्तगीरचाचांचा आवाज आला.

"मला इचारा की. साचा मी भरलाय. हिनं सांगितलं तसा."

तरी मी सांगितलं. काय चुकलं होतं, तिसरं हेड कापल्यावर काय दिसलं, ठोकळे कुठे वाढवले, सगळं. बोलून झाल्यावर ते कारखानदार मान डोलवत म्हणाले, "बरोबर आहे."

अण्णांनी फेटा उलगडला आणि मला जवळ बोलावलं. कुणीतरी हलकेच म्हणालं, मुलीला फेटा कसा बांधायचा. अण्णा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ज्याचं डोकं, त्याचा फेटा," आणि त्यांनी तो माझ्या वेणीवरूनच घट्ट बांधला. भगव्या-गुलाबी रंगाचा होता. आबा जवळ आले. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता हे मला माहीत होतं. त्यांनी अंगठ्यानं फेट्याची एकेक घडी चाचपली, सगळीकडून, काम तपासतात तशी, आणि म्हणाले, "नीट बसलाय."

उतरताना आबा अण्णांच्या एमजीत बसले आणि मी अक्कांच्या शेजारी. गाडी आता सावकाश, गुणगुणत चालली होती. मी विचारलं, की चढावर तुम्ही मला तुझं हेड का म्हणालात. तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं?

अक्कांनी एक वळण घेतलं. मग म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वी तुझे वडील डोळे दाखवायला कुणाकडे गेले होते, असं तुला वाटतं?"

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"तपासून झाल्यावर मी त्यांना म्हटलं, मिस्त्री, या डोळ्यांनी तुम्ही पॅटर्न कसे करता? त्यांनी खरं ते सांगितलं आणि कुणाला सांगू नका म्हणाले. मी म्हटलं, मुलीचं नाव पुढे करा. त्यांनी विचारलं, मुलीला काम कोण देईल? त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मग माझ्या गाडीचं हेड फुटलं."

एवढं बोलून त्यांनी गिअर बदलला.

सोमवारी मी नेहमीसारखं दुकान उघडलं. झाडू कोपऱ्यात होता तसाच राहिला. त्या दिवसापासून भुसा झाडायला आम्ही बाई लावली. दहाच्या सुमारास शिरोलीहून एक गृहस्थ ड्रॉइंगची गुंडाळी काखेत घेऊन आले. पन्हाळ्यावरचं काही त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं. ते सरळ आबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, पंपाच्या केसिंगचा पॅटर्न करून पाहिजे, अवघड आहे, जमेल का?

आबा खुर्चीत मागे रेलले.

"पॅटर्नमेकर आत हाय," ते म्हणाले. "बसा. मोकळी हाय का बघून येतो."

मी मोकळीच होते. पण त्या गृहस्थांना मी पाच मिनिटं थांबू दिलं.